चुन्याच्या घराला सावली नसते

चंडीगढ हे शहर पट्टीने आखलेलं आहे, आणि जिथे पट्टी घसरली तिथे शिरगावकरांचा प्लॉट आहे. मनीमाजरा या जुन्या गावाच्या कडेला एका बाजूने सेक्टरची सरळ रेघ येते, दुसऱ्या बाजूने बैलगाड्यांनी शंभर वर्षांत पाडलेली गल्ली येते. दोघी एकमेकींना ओळख न दाखवता पुढे निघून जातात आणि मध्ये एक तुकडा उरतो. शिंप्याकडे ब्लाउज कापून झाल्यावर उरतो तसा. उत्तरेला रुंद रस्ता, रस्त्याला लागून बरीशी चौकोनी जमीन, आणि त्या चौकोनाला दक्षिणेकडून चिकटलेलं एक निमुळतं त्रिकोणी शेपूट. शेपटाच्या एका अंगाला गल्ली, दुसऱ्या अंगाला कुणाचा तरी रिकामा प्लॉट.

निवृत्त विंग कमांडर नंदकुमार शिरगावकरांना तो बघताक्षणी आवडला. चौकोनी प्लॉटवर काय, कुणीही घर बांधेल. सरोजबाईंनाही आवडला, पण त्यांचं कारण साधं होतं. त्या उभ्या होत्या तिथे पाठीवर ऊन येत होतं.

सरोजबाई मूळच्या मिरजेच्या. लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी एकाच घरात काढलं, फक्त ते घर कधी तांबरमला असे, कधी जोरहाटला, कधी आदमपूरला. दार उघडलं की डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे बसायची खोली, मागे अंगण. क्वार्टर बदलली तरी अंधारात दिव्याचं बटण हाताला लागे. भिंतीला खिळा मारायचा नाही, कारण निघताना भिंत जशीच्या तशी परत द्यायची असते. त्यामुळे त्यांच्या घरातल्या तसबिरी नेहमी कपाटावर टेकून उभ्या असत. जणू त्यांचीही बदली व्हायची आहे.

प्रत्येक क्वार्टरच्या अंगणात सरोजबाईंनी लिंबाचं रोप लावलं. लिंबाला फळ धरायला तीन वर्षं लागतात आणि हवाई दलाला माणूस हलवायला अडीच. जोरहाटच्या क्वार्टरमध्ये त्यांच्यानंतर आलेल्या बाईंनी एकदा मोबाइलवर लोणच्याच्या बरणीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'थँक यू मॅम, तुमची लिंबं फार छान आहेत.' सरोजबाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि दोन दिवस जेवताना लोणचं वाढून घेतलं नाही.

तेव्हा स्वतःचं घर म्हटल्यावर त्यांची मागणी मोठी नव्हती. एक लिंबाचं झाड, त्याला लिंबं, आणि त्याच्याजवळ हिवाळ्याच्या उन्हात टाकलेली एक खुर्ची. चंडीगढचा हिवाळा ज्यांनी काढलेला नाही त्यांना ही मागणी किरकोळ वाटेल. इथली घरं डिसेंबर-जानेवारीत आतून अशी गारठतात की लोक ऊब घ्यायला घराबाहेर येतात. ज्याच्या अंगणात ऊन तो श्रीमंत. बाकीच्यांच्या घरात रजया असतात.

घराची जागा ठरवायला कर्नल ग्रेवाल आले. हे नंदकुमारांचे गोल्फमधले मित्र. तोफखान्यातून निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्यांनी बायकोचं डोकं खाल्लं, मग वास्तुशास्त्र घेतलं. सल्ला ते फुकट देत, त्यामुळे तो मोडणं अवघड जाई. तोफेचा नेम धरायचा त्या होकायंत्राने त्यांनी प्लॉटच्या सगळ्या कोपऱ्यांवर नेम धरला, मिशीवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला. घराचं वजन नैर्ऋत्येला. उत्तर आणि पूर्व मोकळी, बाग तिकडे. आणि शेपूट?

"ये पूँछ काटनी पड़ेगी, सर. दक्षिणेची वाढ आहे. यमाची दिशा."

"काटनी म्हणजे?"

"बीच में दीवार. उंच, अच्छीवाली. घराला तो कोपरा दिसता कामा नये. मान लो कि वो आपकी ज़मीन है ही नहीं."

महाराष्ट्रात नोकरी केल्यामुळे कर्नलसाहेब अधूनमधून मराठी पेरत, आणि समोरचा तिथेच अर्धा गारद होत असे.

ते गेल्यावर सरोजबाईंनी विचारलं, "तुमचा कधीपासून विश्वास यावर?"

"छे! मी इंजिनिअर माणूस," नंदकुमार म्हणाले. "पण उगाच रिस्क कशाला?"

हे वाक्य ज्या घरात शिरतं तिथे विश्वासाची गरज उरत नाही.

ऑक्टोबरमध्ये नंदकुमारांनी प्लॉटवर घर आखलं. कागदावर नव्हे, चुन्याने, जमिनीवर, पूर्ण मापाचं. फौजेत चुना आणि गेरू हे दोन पदार्थ अन्नाच्या खालोखाल महत्त्वाचे असतात. साहेब येणार म्हटलं की दगडांनासुद्धा पांढरं व्हावं लागतं. नंदकुमारांची रेघ इतकी सरळ आली की शेजारच्या प्लॉटवरून जाणारी कुत्रीही ती ओलांडताना क्षणभर थांबत. मग रविवारी रिहर्सल. घडीच्या खुर्च्या, थर्मास, आणि मुलगी स्वानंदी. ती आयटी पार्कात नोकरीला होती आणि रविवारी तिला झोप हवी होती.

"स्वानंदी, भिंतीतून येऊ नकोस. दार तिकडे आहे."

"पापा, सीरियसली?"

"दार तिकडे आहे."

स्वानंदी मागे गेली, चुन्याच्या दारातून आत आली आणि नसलेल्या पायपुसण्यावर पाय पुसले. "अब ठीक है?"

सरोजबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. दार उघडलं की डावीकडे. उजवीकडे बसायची खोली.

"अहो, हे आपलं आदमपूरचं क्वार्टर आहे."

"वर एक मजला जास्त आहे," नंदकुमार म्हणाले. बायकोचं बोलणं त्यांना कौतुक वाटलं होतं.

मग त्यांनी बागेत, म्हणजे चुन्याच्या घराच्या उत्तरेला, सरोजबाईंसाठी खुर्ची मांडली. सरोजबाई बसल्या. पाठीवर ऊन आलं. त्यांनी डोळे मिटले. इथे लिंबू, इथे मी.

"बाग पास?" नंदकुमारांनी विचारलं.

"पास," सरोजबाई म्हणाल्या.

या संसारात त्यांना विचारल्याशिवाय काही होत नसे. म्हणूनच पुढे काही झालं की त्यांना बोलायला जागा नसे. नकाशा मंजुरीला गेला आणि दिवाळीनंतर पासही होऊन आला.

डिसेंबरात एका दुपारी सरोजबाई प्लॉटच्या रस्त्यावरून चालल्या होत्या. त्याच ओळीत थोडं पुढे एक नवंकोरं दुमजली घर होतं, पुढे उत्तरेला सुरेख बाग. मऊ हिरवळ, कारंजं, सिमेंटचा बगळा. बागेत कुणी नव्हतं. घरातल्या सरदारणी आजी रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या डब्याला टेकवलेल्या खाटेवर बसून मटार सोलत होत्या. सगळं घर तिथे होतं. सून, नातू, कुत्रा.

"बगीचा तो बहुत सोहणा है जी आपका," सरोजबाई म्हणाल्या.

"सोहणा तो है," आजींनी शेंग फोडली. "बस, धूप नहीं आती. जून में आती है."

सरोजबाईंनी बागेकडे पाहिलं. दुपारचा एक वाजला होता आणि गवतावर सकाळचं दव तसंच होतं. घराची सावली फाटकातून बाहेर पडून रस्त्यावर आली होती. त्यांनी मान वळवून मागे आपल्या प्लॉटकडे पाहिलं. चुन्याची रेघ उन्हात लखलखत होती. पांढरी, सपाट आणि साळसूद.

त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, बागेत ऊन येणार नाही."

"येतंय की. आपण बसलो होतो."

"तेव्हा घर नव्हतं."

"होतं. फुल स्केलवर होतं."

"चुन्याचं होतं. चुन्याच्या घराला सावली नसते."

नंदकुमारांनी उभ्या आयुष्यात विमानांची इंजिनं तपासली होती. बरोबर आणि चूक त्यांना आवाजावरून कळे. हे बरोबर आहे हे त्यांना लगेच कळलं, आणि तीच तर अडचण होती. त्यांनी सूर्याचा कोन काढला, घराची उंची घेतली, पेन्सिलने एक तिरपी रेघ मारली. रेघ बाग ओलांडून फाटकापर्यंत गेली.

"पूर्वेच्या बाजूला सकाळी येईल थोडं," ते म्हणाले.

"सकाळी धुकं असतं. अकराला उठतं. तोवर घराची सावली पोचेल."

"उन्हाळ्यात भरपूर येईल."

"उन्हाळ्यात मी तिथे बसू? पापड म्हणून?"

नंदकुमारांनी चष्मा पुसला.

"घर पुढे घ्या ना," सरोजबाई म्हणाल्या. "रस्त्याकडे. बाग मागे, दक्षिणेला. ते शेपूट पण येईल त्यात. नकाशा पुन्हा देता येतो, मी विचारलंय."

"म्हणजे सगळं वजन ईशान्येवर. आणि यमाची वाढ घरात."

"तुमचा विश्वास नाही ना?"

"नाही. माहीत नसतं तर मीच बांधलं असतं तसं. पण आता माहीत झालंय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "स्वानंदीचं अजून व्हायचंय. उद्या काही कमी-जास्त झालं तर मनात येणार, की बागेसाठी केलं."

"कुणाच्या मनात येणार? तुमच्या?"

"माझ्या नाही," नंदकुमार शांतपणे म्हणाले. "तुझ्याच."

ते खरं होतं, हे सरोजबाईंना ठाऊक होतं. स्वानंदीला साधी सर्दी झाली असती तरी त्या लिंबाकडे चोरट्या नजरेने बघत बसल्या असत्या. बाहेरच्या भिंती निदान दिसतात तरी. ही मनातली भिंत कधी बांधली गेली, कुणी बांधली, काही कळायला मार्ग नव्हता. आणि नकाशा मात्र पक्का होता.

पण ऐकून पटत नाही ते बघून पटतं, एवढी एक आशा त्यांनी धरली. संक्रांत झाल्यावर भूमिपूजन होतं. टेंटवाला मनीमाजऱ्याच्या बाजारातला. नंदकुमारांनी त्याला एकच कनात सांगितली होती, हलवायाचा पसारा पाहुण्यांना दिसू नये म्हणून. सरोजबाई त्याला बाजूला घेऊन गेल्या.

"कनात इस चूने की लाइन पे लगाओ. पूरी लाइन पे. और दुगनी ऊँची. एक के ऊपर एक."

टेंटवाल्याने लाल-पिवळ्या कापडाकडे आणि मग बाईंकडे पाहिलं. "आंटीजी, शादी है?"

"नहीं," सरोजबाई म्हणाल्या. "घर है."

भूमिपूजनाच्या दिवशी धुकं उशिरा उठलं आणि त्यामागून स्वच्छ, पिवळं, लोण्यासारखं ऊन पडलं. कनातीच्या पलीकडे पडलं. अलीकडे, ईशान्येच्या कोपऱ्यात, महाराष्ट्र मंडळातल्या गुरुजींनी पाट मांडला होता. त्यामागे पाहुण्यांच्या खुर्च्या अगदी शिस्तीत, जिथे बाग होणार तिथे. गोल्फमधली मंडळी, मंडळातली मंडळी, त्याच ओळीतल्या सरदारणी आजी. सगळ्यांचे हात मांडीवर आणि गारठ्याने त्या हातांवरच बसायची इच्छा. संकल्प सुटेपर्यंत सगळे टिकले. मग मागच्या रांगेतून एक खुर्ची उठली. नंतर दुसरी. पाहुणे खाकरले, फोन आल्यासारखं करून उठले, आणि जाताना खुर्ची बरोबर घेऊन गेले.

पूजेला बसलेल्या जोडप्याला उठता येत नाही. सरोजबाई नंदकुमारांच्या हाताला हात लावून पाटावर बसून राहिल्या आणि मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकत राहिल्या. कुठल्याही मंत्रापेक्षा त्यांना ते आवाज जास्त कळत होते. गुरुजींचे ओठ निळे पडत चालले होते आणि मंत्रांचा वेग वाढत चालला होता.

आरतीला कुणी उभं राहतंय का म्हणून नंदकुमारांनी मागे पाहिलं. बाग रिकामी होती. सरदारणी आजीसुद्धा गेल्या होत्या; त्यांना अनुभव होता.

सगळे शेपटात होते. कनातीला वळसा घालून, हलवायाच्या कढया ओलांडून, थेट त्या दक्षिणेच्या निमुळत्या कोपऱ्यात खुर्च्या टाकून पाहुणे तिळगूळ आणि गाजराचा हलवा खात होते. कोट निघाले होते. हसणं चाललं होतं. अगदी टोकाला, यमाच्या मांडीवर म्हणावं अशा जागी, कर्नल ग्रेवाल पाय लांब करून बसले होते.

"भाभीजी!" त्यांनी वाटी उंचावली. "क्या जगह है! इकडे या, धूप खाओ!"

नंदकुमारांनी आवाज खाली आणला. "हा टेंटवाला मूर्ख आहे. कुठे बांधलीय कनात!"

"चुन्यावर बांधलीय. मीच सांगितलं."

"एवढी उंच?"

"एका मजल्याचीच आहे. आपलं घर दोन मजल्यांचं."

नंदकुमारांनी कनातीकडे पाहिलं, मग तिच्या सावलीकडे, मग सावलीच्या कडेला थरथरत हात चोळणाऱ्या गुरुजींकडे. त्यांना सगळं कळलं. तोंडावरून दिसत होतं.

हलव्याची दुसरी वाटी कर्नलसाहेबांच्या हातात देताना सरोजबाईंनी विचारलंच. "कर्नलसाहेब, सगळ्यांना हीच जागा आवडली. तुम्हालाही. मग बाग इथेच का नको?"

"बैठने के लिए बढ़िया है, भाभीजी," कर्नल मनापासून म्हणाले. "रहने के लिए नहीं."

आणि सगळ्यांनी मान डोलावली. पाहुण्यांना ऊन कळलं, हलवा कळला, जागाही कळली. त्यातून काही करायला हवं असं कुणालाही वाटलं नाही. फार छान कार्यक्रम झाला, असं प्रत्येकाने जाताना सांगितलं.

परतताना नंदकुमार गाडी चालवत होते. लाइट पॉइंटवर लाल दिवा लागला. इथले लाल दिवे लांब असतात. माणसाला कबुली द्यायला वेळ मिळतो.

"घर हलणार नाही, सरोज," नंदकुमार समोर बघत म्हणाले. "माझ्याच्याने होणार नाही. पण ते शेपूट... ग्रेवालच्या हिशोबाने ती जमीन आपली नाहीच. मग तिथे काय लावायचं याबद्दल कुणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते तुझं."

सरोजबाईंनी समोर पाहिलं. दिवा अजून लालच होता. "मधल्या भिंतीला दार ठेवाल?"

नंदकुमारांनी गाडीतूनच कर्नलना फोन लावला. गाडीभर त्यांचा आवाज घुमला. "दरवाज़ा? नो सर! दरवाज़ा खोला तो पूँछ फिर जुड़ गई!"

दिवा हिरवा झाला.

पुढच्या हिवाळ्यात घर उभं राहिलं. उत्तरेला हिरवळ आहे, गेरू-चुना लावलेल्या विटांच्या तिरप्या ओळी आहेत, आणि जाईच्या वेलाने पहिल्याच थंडीत मान टाकली आहे. घर सुरेख आहे, सगळे म्हणतात. सरोजबाईंनी बसायच्या खोलीत तसबीर लावायला घेतली तेव्हा हातोडी उचलून त्या थांबल्या आणि हाक मारली, "अहो, खिळा मारला तर चालेल?" नंदकुमार हसले. खिळा मारला गेला. पण विचारायचं ते विचारून झालंच होतं.

जेवणं आटोपली की त्या शाल घेतात, किल्ली घेतात, पुढच्या फाटकातून बाहेर पडतात. रस्त्याने डावीकडे, कोपऱ्यावरून गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या टपरीवरून पुढे, आपल्याच घराला वळसा घालून. मग एक लहानसं लोखंडी फाटक. कुलूप काढायचं, आत जायचं, आतून कडी घालायची. तीन बाजूंना तीन भिंती. घराकडची भिंत हात वर केला तरी हाताला लागत नाही एवढी उंच, कर्नलसाहेबांनी सांगितली तशी. पलीकडे त्यांचं घर आहे हे फक्त कुकरच्या शिट्टीवरून कळतं. मध्ये गुडघ्याएवढं लिंबाचं रोप. त्याला अजून दोन वर्षं तरी लागतील, पण या वेळी बदली नाही. आणि ऊन. दिवसभर, भरपूर, कुणाच्याही मंजुरीशिवाय.

कधीकधी वरच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून आवाज येतो. "सरोज, ये ना आता घरात. किती वेळ?"

"घरात थंडी आहे."

"मग मी येऊ तिकडे?"

"या की. फिरून या."

नंदकुमार चहाचा कप घेऊन फिरून येतात तेव्हा चहा गार झालेला असतो आणि इस्त्रीवाल्याला सांगायला काहीतरी कारण शोधावं लागलेलं असतं. पहिल्या वेळी ते उभे राहिले, भिंती न्याहाळल्या, खिशातून टेप काढली आणि म्हणाले, "जागा वाया जातेय. एक छोटीशी आखणी करू या का इथे?"

"चुना घेऊन आत यायचं नाही," सरोजबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिला हुकूम. नंदकुमारांनी टेप खिशात ठेवली.

परवा गल्लीत एक मोटारसायकल थांबली. हेल्मेट घातलेल्या माणसाने फाटकावरून डोकावून पाहिलं.

"आंटीजी, ये प्लॉट किसका है? बिकाऊ है?"

"नहीं," सरोजबाई म्हणाल्या. "यहाँ मैं रहती हूँ."

माणसाने उंच भिंत पाहिली, रोप पाहिलं, खुर्ची पाहिली. "और पीछेवाला मकान?"

"वो मिस्टर का है."

तो गेला. ऊन कलायला लागलं होतं. गल्लीकडच्या भिंतीची सावली सरकत सरकत पावलांपर्यंत आली तशी सरोजबाईंनी खुर्ची उचलली आणि पलीकडे ठेवली, मग आणखी पलीकडे. शेवटचं ऊन नेहमी एकाच ठिकाणी टिकतं, जिथे उंच भिंत आणि शेजारच्या प्लॉटची भिंत भेटतात त्या कोनात. तो त्या तुकड्याचा ईशान्य कोपरा. कर्नलसाहेबांना सांगायला हवं, असं दरवेळी त्यांच्या मनात येतं. कोन अरुंद आहे, खुर्ची सरळ बसत नाही. त्यांनी ती तिरकी केली, गुडघे जवळ घेतले, पाठ भिंतीला लावली. भिंत दिवसभर तापून ऊबदार झालेली होती. पलीकडून कुकरची शिट्टी आली. सावली पायाच्या अंगठ्याला लागली. पुढे सरकायला आता जागा नव्हती, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.